शाळेच्या शेती गटासाठी घेतलेली माती-परीक्षण पेटी: एक हंगाम वापरून झाल्यावर

सोलापुरात नवी पेठेच्या आतल्या गल्लीत शाळांच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणारं एक जुनं दुकान आहे. ऑगस्टअखेरीस तिथून मी सव्वादोन हजार रुपयांना माती-परीक्षण पेटी घेतली, स्वतःच्या पैशांनी. निघताना मालकांनी आणखी एक वस्तू पुढं केली, लिटमस कागदाच्या दोन वह्या, एक लाल, एक निळी, दोन्ही मिळून ऐंशी रुपये. "मॅडम, पोरांसाठी नेताय तर हे पण असू द्या," म्हणाले. आता शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी, मळणी झाली. पेटीतल्या निम्म्या बाटल्या संपल्या, निम्म्या तशाच आहेत. म्हणून आता लिहिते.

कंपनीचं नाव देत नाही. दुकानात अशा तीन पेट्या होत्या आणि तिन्ही एकाच साच्यातल्या. माझं म्हणणं त्या साच्याबद्दल आहे.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या मागं थोडी पडीक जागा आहे. तिथं सहावी ते आठवीच्या बावीस मुलामुलींचा शेती गट चालतो, शनिवारी शाळा सुटल्यावर. प्रत्येकाचा दहा बाय दहा फुटांचा वाफा आणि प्रत्येकाची शंभर पानी वही. सगळे वाफे मिळून जेमतेम दोन गुंठे होतात. काय पेरलं, कधी पेरलं, बी कितीचं, खुरपणी किती वेळा, पीक किती आलं, हे सगळं ज्यानं त्यानं लिहायचं. पेटी घेतली ती या मुलांसाठी. त्यामुळं तिची पारख मी एकाच गोष्टीवर करणार आहे: बारा वर्षांच्या पोराला ती स्वतःच्या हातानं वापरता येते का, आणि त्याच्या मातीबद्दल त्याला काही खरं कळतं का?

ही कसोटी मी मनानं काढलेली नाही. 15 जानेवारी 1902 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, स्प्रिंगफील्ड गावच्या कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात, ए. बी. ग्राहम नावाच्या शाळा-अधीक्षकानं तीसेक मुलामुलींना बोलावलं. खेड्यातल्या मुलांचं शेती मंडळ असं तिथं पहिल्यांदा बसलं. पुढं ज्याला फोर-एच म्हणायला लागले आणि ज्याची रोपं जगभर गेली, त्याची सुरुवात बहुतेक जण या बैठकीपासून धरतात. आणि त्या मुलांच्या हाती सुरुवातीला दिलेल्या कामांपैकी एक काय होतं? लिटमस कागदानं आपल्या शेताची माती आंबट आहे का ते तपासणं. बियाण्याचा मका निवडणं, भाजीचा छोटा तुकडा पिकवणं हेही होतं. पण लिटमस होता. ग्राहमच्या हाताशी प्रयोगशाळा नव्हती, राज्याचं कृषी संशोधन केंद्र आणि विद्यापीठ मागाहून मदतीला आले. मुलांकडं होता तो स्वस्तातला कागद आणि बापाच्या शेतातली मूठभर माती.

म्हणून पेटी उघडायच्या आधी पहिल्या शनिवारी मी लिटमसच काढला.

रीत जुनी आहे, त्या काळच्या शेतकऱ्यांना सांगितली जायची तीच. ओल्या मातीचा लाडू वळायचा. तो मधोमध फोडायचा, आत कागदाची पट्टी ठेवायची, दोन्ही अर्धे परत दाबायचे आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. पट्टी टोकाला धरायची, कारण बोटांच्या घामानंही रंग बदलतो. पाणी बोअरचं चालत नाही, आमच्या बोअरचं पाणी स्वतःच लिटमस निळा करतं. त्यासाठी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. बावीस पोरं व्हरांड्यात ओळीनं बसली, पुढ्यात वर्तमानपत्राचा कागद, त्यावर काळ्याभोर मातीचा लाडू. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. सहावीची पोरं पाच मिनिटं गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मग एकानं लाडू उघडला आणि ओरडला, "बाई, लाल कागद निळा व्हायलाय!" एकेक करत बावीस लाडू उघडले, बावीसही निळे. निळा कागद घातलेल्यांचा निळा तसाच राहिला.

इथं मला मुलांना एक गोष्ट सांगता आली, आणि ती सांगताना मलाच भरून आलं. ग्राहमच्या मुलांच्या हातातही हाच कागद होता, पण ते उलटा रंग शोधत होते. अमेरिकेच्या त्या पूर्वेकडच्या भागात पाऊस भरपूर. वर्षानुवर्षांच्या पावसानं जमिनीतला चुना धुऊन जातो आणि जमीन आंबट होते. आंबट जमिनीत क्लोव्हर हा चारा नीट येत नाही. आपल्या बरसीमचंच ते भावंड. म्हणून निळा कागद लाल झाला की तिकडच्या शेतकऱ्यानं रानात चुना टाकायचा. आमच्याकडं पाऊस कमी, चुना रानातच बसून राहतो. खणलं की चुनखडीचे पांढरे खडे लागतात, ते पोरांनी लहानपणापासून पाहिलेले आहेत. एका खड्यावर मी घरचं व्हिनेगर टाकलं. खडा बारीक फसफसला. मग प्रत्येकाला आपल्या वाफ्यातला खडा फसफसवून बघायचा होता आणि माझी बाटली संपली.

ऐंशी रुपयांत एवढं झालं.

आता पेटी. निळ्या प्लॅस्टिकची, कप्प्या-कप्प्यांची, दिसायला सुबक. झाकणाची कडी पक्की आहे, स्कूटरच्या डिकीत आडवी ठेवली तरी काही सांडलं नाही. काचेच्या सहा नळ्या, एक गाळणी, मोजपळी, बाटल्यांवर क्रमांक, रंगांचे तक्ते. माहितीपत्रक इंग्रजीत, सोबत मराठीचा एक कागद. त्या मराठीचा अर्थ लावायला मला इंग्रजी वाचावं लागलं. तो कागद मी बाजूला ठेवला आणि फळ्यावर स्वतः पायऱ्या लिहिल्या. शाळेत विकायच्या वस्तूबरोबर मुलाला समजेल असा एक कागद देणं कुणालाही अवघड नाही. इथं मला खरोखर वाईट वाटलं.

सामूची, म्हणजे पीएचची, तपासणी मुलं करू शकतात, आणि केलीही (7 च्या खाली माती आंबट, 7 च्या वर अल्कधर्मी). माती, त्यात डिस्टिल्ड वॉटर, पांढरी पूड, मग दर्शक द्रावणाचे थेंब. ती पांढरी पूड बेरियम सल्फेटची, गढूळपणा खाली बसावा म्हणून. पण आमची माती चिकण. नळी हलवून ठेवली की तिचा ढग तासभर तरंगत राहतो, रंग दिसत नाही. पत्रकात दहा मिनिटं लिहिलं आहे. आम्ही नळ्या मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवून सोमवारी पाहिल्या, तेव्हा वरचं पाणी निवळलं होतं. काळ्या मातीसाठी हे पत्रकात लिहायला हवं होतं.

त्याहून मोठी अडचण रंगाच्या तक्त्याची. सामू 4 ते 7 या टप्प्यात सहा वेगळे रंग, लाल, नारिंगी, पिवळे, डोळ्याला सहज कळणारे. 7.5 च्या पुढं हिरव्या-निळ्याच्या फक्त दोन छटा, त्याही एकमेकींत मिसळणाऱ्या. बावीस मुलांनी त्याच नळीचे तीन वेगळे आकडे लिहिले. मी तीच माती सरकारी प्रयोगशाळेत दिली होती, मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू आला 8.3. पेटीनं "8 च्या वर" एवढं सांगितलं. तेवढं खरं निघालं, म्हणून मी याला नापास म्हणत नाही. पण तक्ता आंबट जमिनीच्या मुलखासाठी रंगवलेला आहे हे उघड आहे. आमच्या मुलाला ज्या टप्प्यात बारकावा हवा, तिथंच तक्ता मुका.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत मात्र पेटी साफ चुकली, आणि का चुकली ते सांगते. पेटीतल्या अर्कद्रवात आम्ल आहे. आम्लानं मातीतलं स्फुरद सोडवायचं, मग मॉलिब्डेट आणि कथिलाचा क्षार घालून निळा रंग आणायचा, जितका गडद निळा तितकं स्फुरद जास्त. आमच्या चुनखडीच्या मातीवर तो अर्कद्रव पडला आणि फसफसला. आम्ल चुन्यानंच खाऊन टाकलं, स्फुरदापर्यंत पोचलंच नाही. नळी जवळजवळ पांढरी राहिली. तक्त्यावर निकाल: अत्यंत कमी. पत्रिकेवर निकाल: मध्यम. अशा जमिनींसाठी बायकार्बोनेटनं अर्क काढायची ओल्सेनची पद्धत 1954 पासून आहे, आपल्याकडच्या प्रयोगशाळा काळ्या मातीला तीच वापरतात. पेटीच्या आकड्यावर विसंबून एखाद्या शेतकऱ्यानं डीएपीची जादा गोणी टाकली तर ते पैसे गेले. शिवाय कथिलाचं द्रावण हवेनं लवकर उतरतं. दिवाळीनंतर बाटली उघडली तर ओळखीच्या खतावरसुद्धा निळा रंग येईना. बाटलीवर मुदतीची तारीख नव्हती.

सेंद्रिय कर्बाची बाटली मी मुलांना दाखवलीही नाही. डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल बारा वर्षांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. पेटीत हातमोजे नाहीत, चष्मा नाही, झाकण कुणालाही उघडता येतं. वरच्या चित्रात मात्र हसरी मुलं छापली आहेत.

म्हणजे पेटीतल्या निम्म्याहून जास्त तपासण्या बाईंनी करायच्या आणि मुलांनी बघायच्या. माझं दुःख नेमकं इथं आहे, आणि यासाठीच जुना इतिहास आठवावासा वाटतो. ग्राहमच्या थोडं आधी, 1899 च्या सुमारास, इलिनॉय राज्यात विल ऑटवेल नावाचे एक गृहस्थ शेतकऱ्यांच्या सभा भरवत. सभेला कुणी यायचं नाही. तज्ज्ञ बोलणार, शेतकऱ्यांनी ऐकायचं, याला माणसं कंटाळली होती. मग त्यांनी जाहीर केलं की मुलांना चांगल्या मक्याचं बी फुकट मिळेल, पिकवून दाखवा, बक्षीस घ्या. पाचशे मुलांनी बी नेलं. पुढच्या सभेत पोरांच्या मागोमाग बापही आले, जागा पुरेना. माझे वडील ग्रामसेवक होते. 1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्यानंतरच्या भरतीतले. ते म्हणायचे, "बापाला भाषण देऊ नको, पोराच्या हातात दाणा दे." ऑटवेल त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडं हेच काम केंद्राच्या कृषी खात्यातल्या सीमन नॅप यांनी मोठ्या माणसांत केलं. ऐकलेल्यावर माणूस शंका घेईल, पाहिलेल्यावरही कदाचित घेईल, पण स्वतः केलेल्यावर कशी घेणार, असं ते म्हणत. 1907 मध्ये मिसिसिपीच्या होम्स काउंटीत शाळाप्रमुख विल्यम स्मिथ यांनी सव्वाशेच्या आसपास मुलांचं मका मंडळ काढलं, त्याला नॅप यांच्यामार्फत केंद्राच्या कृषी खात्याचा आधार मिळाला. पुढं अशा मंडळांत प्रत्येक मुलाला एक एकर. कमी नाही, जास्त नाही, मोजून एक एकर, आणि खर्चाचा हिशोब वहीत. 1910 साली दक्षिण कॅरोलिनात जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलानं एका एकरात 228.75 बुशेल मका काढला, आपल्या मापानं 58 क्विंटल. त्या मुलखात एकरी वीस बुशेल, म्हणजे पाच क्विंटल, आले तरी बरं म्हणायचे. पाच क्विंटल हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा मुलांनी लगेच ओळखला, कोरडवाहू शाळूला आमच्याकडं चांगल्या वर्षी तेवढंच येतं.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, एकेन काउंटीत मारी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचं टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग. आपले बरोबर चार गुंठे. पिकवायचं, डबाबंद करायचं, विकायचं आणि पैसे स्वतःचे. माझ्या गटात बावीसपैकी तेरा मुली आहेत, त्यांना चार गुंठे म्हणजे काय ते पाऊल मोजून माहीत आहे. तेरांपैकी एकीच्याही नावावर मात्र अजून गुंठाभर रान नाही. या मंडळांत एक मोठा अन्यायही होता. दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांची मंडळं वेगळी, साधनंही सारखी नाहीत. काळ्या शेतकऱ्यांसाठी अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेतून 1906 मध्ये जेसप वॅगन नावाची गाडी निघाली, तिथले कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांनी आखलेली, टॉमस कॅम्पबेल ती गावोगाव नेत. चाकांवरची शाळाच ती. कार्व्हर आपल्या मुलांना ठाऊक असतात, म्हणून ही गाडी त्यांना सगळ्यांत आवडली. "बाई, तुमच्या डिकीसारखी," एक जण म्हणाला.

फोर-एचचं नाव, त्याचं चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह, शेती-शिक्षण गावोगाव नेण्यासाठीचा 1914 चा स्मिथ-लीव्हर कायदा आणि त्याबरोबर आलेला सरकारी पैसा, हे सगळं नंतरचं. त्याआधी होते ते शाळामास्तर आणि मास्तरणी. पेटी बनवणाऱ्यांनी एवढंच लक्षात घेतलं असतं तरी पेटी वेगळी झाली असती.

एक प्रसंग सांगते. लिटमसच्या दुसऱ्या शनिवारी सातवीतल्या एका मुलीनं घरून मातीची पुडी आणली. उसाच्या रानातली. लाडू केला, कागद निळा. व्हिनेगर टाकलं, माती फसफसली, आमच्या वाफ्यांपेक्षा जोरात. ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "बाई, आमच्या उसावर केवडा पडलाय, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ते यामुळंच का?" मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. चुना जास्त असला की जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, हे मी पुढच्या वर्षी शिकवणार होते. तिच्या वडिलांनी नंतर शेणखतात मुरवून हिराकस (लोहाचा क्षार) दिला, फवारणीही केली. ऊस हिरवा झाला हे ती मला दर सोमवारी सांगायची. वहीत तिनं तारखा लिहिल्यात.

आमचा शाळू मालदांडीचा, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली 35-1. सगळ्यांत चांगल्या वाफ्यात दोन किलो शंभर ग्रॅम दाणा निघाला. त्या मुलानं लगेच एकराचा हिशोब मांडला, नऊ क्विंटलच्या वर. मी त्याला सांगितलं की एवढ्याशा वाफ्यात कडेच्या ताटांना ऊन, ओल जास्त मिळते, आकडा फुगतो, म्हणून तर त्या मका मंडळांत अख्खा एकर लावायचे. तो म्हणाला, मग पुढच्या वर्षी आमच्या रानात गुंठाभर करतो. वडिलांनी हो म्हटलंय.

दुकानाबद्दल चांगलंच लिहायचं आहे. कथिलाची बाटली उतरलेली घेऊन गेले तर मालकांनी एक शब्द न बोलता बदलून दिली आणि ठोक विक्रेत्याला तिथंच फोन लावून मुदतीची तारीख का नाही म्हणून विचारलं. फुटलेली नळी सुटी मिळाली, पंधरा रुपयांना, पूर्ण संच घ्या असा आग्रह नाही. दुकान अंधारं आहे, वस्तू शोधायला वेळ लागतो. पण कुठली वस्तू मुलांच्या हातात द्यायची आणि कुठली नाही हे त्यांना कंपनीपेक्षा चांगलं कळतं. चाळीस वर्षं शाळांना माल दिलाय, ते दिसतं.

पेटीला पाचपैकी अडीच. सामूसाठी आणि मजबूत डब्यासाठी ते अडीच. लिटमसच्या वह्यांना पूर्ण पाच.

तुमच्याकडं तांबडी, आंबट जमीन असेल, कोकणात वगैरे, तर हीच पेटी बरी चालेल, तक्ता तिकडचाच आहे. आमच्यासारखी काळी, चुनखडीची असेल तर सव्वादोन हजार घालवू नका. लिटमसच्या दोन वह्या, व्हिनेगरची बाटली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि मुलामागं एक वही घ्या. बाकीचं पत्रिकेवर येतंच. सामूचा आकडाच हवा असेल तर मालकांना "7 ते 9.5 ची पट्टी" असं नेमकं सांगा. ती ते काउंटरच्या खालच्या खणात ठेवतात, मागितल्याशिवाय काढत नाहीत. मला ती जानेवारीत कळली. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.